कोणता चित्रपट पाहावा? झाशीचा प्रेक्षक आणि शुक्रवारचे गणित

दर शुक्रवारी नवे चित्रपट प्रदर्शित होतात आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत त्यांपैकी कोणता पाहावा, याची चर्चा देशभरातील घराघरांत सुरू होते. वरकरणी हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात मात्र प्रेक्षक तिकीट खिडकीपाशी पोहोचण्यापूर्वीच या निवडीचा बराचसा भाग इतरांनी ठरविलेला असतो. कोणत्या चित्रपटाला किती पडदे मिळणार, कोणत्या भाषेतील आवृत्ती कोणत्या शहरात जाणार आणि तिकिटावर कर किती लागणार, हे निर्माते, वितरक, चित्रपटगृहांचे चालक आणि राज्य शासन यांच्या पातळीवर निश्चित होते. महानगरांत पडद्यांची संख्या मोठी असल्याने ही मर्यादा सहसा जाणवत नाही. उत्तर प्रदेशातील झाशीसारख्या शहरात ती ठळकपणे दिसून येते. मराठी वाचकांचे झाशीशी असलेले नाते लक्षात घेता या शहराच्या उदाहरणावरून हा विषय समजून घेणे उपयुक्त ठरेल.

जानेवारी २०१९ मधील आठवडा

२५ जानेवारी २०१९ रोजी शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन आणि त्याला जोडून रविवार. चित्रपट व्यवसायाच्या दृष्टीने ही मोक्याची तारीख होती. त्या दिवशी दोन बहुचर्चित चित्रपट एकाच वेळी प्रदर्शित झाले. ‘मणिकर्णिका : द क्वीन ऑफ झांसी’ हा राणी लक्ष्मीबाईंच्या जीवनावरील चित्रपट हिंदीसह तमिळ आणि तेलुगू भाषांत आला. अभिजित पानसे दिग्दर्शित ‘ठाकरे’ हा चित्रपट हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांत आला. त्यात बाळासाहेब ठाकरे यांची भूमिका करणारे नवाजुद्दीन सिद्दिकी हे मूळचे उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्याचे. म्हणजे एका चित्रपटात उत्तरेतील शहराची मराठी राणी होती, तर दुसऱ्यात महाराष्ट्राच्या नेत्याच्या भूमिकेत उत्तरेतील अभिनेता होता.

या दोघांच्या स्पर्धेत तिसरा चित्रपट होता आणि तो नवा नव्हता. ११ जानेवारीला प्रदर्शित झालेला ‘उरी : द सर्जिकल स्ट्राइक’ तिसऱ्या आठवड्यातही गर्दी खेचत होता. याच तारखेला येऊ घातलेला ‘चीट इंडिया’ हा चित्रपट एक आठवडा अलीकडे घेण्यात आला आणि ‘व्हाय चीट इंडिया’ या नावाने १८ जानेवारीला प्रदर्शित झाला. सुट्टीच्या तीन दिवसांत पडदे अपुरे पडतील, याची जाणीव व्यवसायातील सर्वांनाच होती.

झाशीच्या प्रेक्षकासमोर त्या आठवड्यात आपल्याच शहराचा इतिहास पडद्यावर पाहण्याची संधी होती. तथापि, विषय जवळचा असला म्हणजे चित्रपट यशस्वी होतोच असे नाही. सोहराब मोदी यांनी १९५३ मध्ये ‘झाँसी की रानी’ हा चित्रपट आणला. भारतातील तो पहिला टेक्निकलर चित्रपट. हॉलिवूडमधील तंत्रज्ञ बोलावून मोठ्या खर्चाने तो तयार करण्यात आला होता. राणीची भूमिका मेहताब यांनी केली होती. एवढे करूनही तो व्यावसायिकदृष्ट्या अपयशी ठरला. याउलट ‘मणिकर्णिका’मधील भूमिकेचा विचार होऊन कंगना राणावत यांना ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ‘पंगा’मधील भूमिकाही त्यात विचारात घेतली गेली होती. एकाच विषयावरील दोन चित्रपटांचे हे वेगळे भवितव्य पाहता, केवळ विषयावरून तिकीट काढणे पुरेसे नाही, हे स्पष्ट होते.

पडदे आधीच वाटले जातात

पूर्वी चित्रपटाच्या प्रती रिळांच्या स्वरूपात असत. प्रत्येक प्रतीचा खर्च मोठा असल्याने त्यांची संख्या मर्यादित ठेवली जाई. महानगरांत काही आठवडे चाललेला चित्रपट नंतर लहान शहरांत पोहोचत असे. तोपर्यंत त्याची कीर्ती किंवा अपकीर्ती सर्वत्र झालेली असे. झाशीचा प्रेक्षक उशिरा पाहत असे, पण जाणून पाहत असे. २००५ नंतर डिजिटल प्रक्षेपण आणि उपग्रहाद्वारे चित्रपट पाठविण्याची पद्धत रूढ होत गेली, तेव्हा हे अंतर मिटले. आता मुंबई आणि झाशी येथे चित्रपट एकाच दिवशी लागतो. हा लाभच आहे. परंतु पहिल्या तीन दिवसांत चित्रपट पाहणाऱ्याजवळ आता इतरांच्या अनुभवाचा आधार फारसा नसतो.

दुसरे कारण पैशाच्या वाटणीत आहे. २००९ मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स चालक यांच्यात उत्पन्नाच्या वाट्यावरून संघर्ष झाला आणि सुमारे दोन महिने नवे मोठे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागले नाहीत. त्यानंतर झालेल्या समझोत्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के असा ठरला. वितरकाचा वाटा दर आठवड्याला घटत जात असल्याने पहिल्याच शनिवार-रविवारी जास्तीत जास्त पडदे व्यापणे त्याच्या हिताचे असते. मोठा चित्रपट आला की बहुतेक सर्व सोयीच्या वेळा त्यालाच मिळतात, यामागे हे गणित आहे. मोजके पडदे असलेल्या शहरात लहान चित्रपटाच्या वाट्याला सकाळचा किंवा भर दुपारचा एखादा खेळ येतो, किंवा काहीच येत नाही.

मराठी प्रेक्षकाची अडचण

झाशीत आजही मराठी कुटुंबे आहेत. नेवाळकरांच्या काळात महाराष्ट्रातून आलेली घराणी तेथे स्थायिक झाली. लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव यांना नाटकांची विशेष आवड होती आणि त्यांच्या कारकिर्दीत झाशीत नाटकशाळा होती, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. अशा शहरातील मराठी कुटुंबाला चित्रपटगृहात मराठी चित्रपट पाहावयाचा झाल्यास काय पर्याय उपलब्ध आहेत?

‘ठाकरे’ मराठीतही निघाला असला, तरी मराठी आवृत्तीचा भर साहजिकच महाराष्ट्रावर होता. चित्रपट व्यवसायाने देशाची विभागणी वितरण क्षेत्रांत केली आहे. उत्तर प्रदेश हा ‘दिल्ली-यूपी’ क्षेत्रात मोडतो आणि तेथील मागणीचा विचार हिंदी प्रेक्षक गृहीत धरूनच केला जातो. इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा गोव्यात मराठी प्रेक्षक संख्येने अधिक असल्याने तेथे मराठी चित्रपट लागतात. झाशीतील विखुरलेली मराठी कुटुंबे वितरकाच्या हिशेबात येत नाहीत.

अर्थात, ही अडचण केवळ परप्रांतातील नाही. जानेवारी २०१९ मध्येच पु. ल. देशपांडे यांच्या जीवनावरील ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ या चित्रपटाला मुंबईतही पुरेसे खेळ मिळत नसल्याची तक्रार झाली होती. त्या वेळी ‘सिम्बा’ हा हिंदी चित्रपट जोरात सुरू होता. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना मुख्य वेळेत स्थान देण्याची भूमिका घेतली. महाराष्ट्राबाहेर असा आधारही नाही.

यामुळे अनेकदा मराठी कथा झाशीपर्यंत पोहोचते, परंतु हिंदीतून. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला आणि त्याने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सर्व अंदाज मोडीत काढले. २०१८ मध्ये त्यावर आधारित ‘धडक’ हा हिंदी चित्रपट उत्तरेत सर्वत्र लागला. शिवाजी सावंत यांच्या ‘छावा’ या कादंबरीवर लक्ष्मण उतेकर यांनी केलेला चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी आला, तोही हिंदीतच. हिंदीमुळे कथेला देशभर प्रेक्षक मिळतो, हे मान्य करावे लागेल. मात्र घरात मराठी टिकविण्याचा प्रयत्न करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही भरपाई अपुरी आहे. मुलांच्या कानावर मोठ्या पडद्यावरून मराठी पडावी, ही त्यांची अपेक्षा त्यातून पूर्ण होत नाही.

करमुक्तीचा खरा अर्थ

निवडीवर परिणाम करणारा आणखी एक घटक म्हणजे कर. २९ जानेवारी २०१९ रोजी प्रयागराज येथे कुंभमेळ्यात उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक झाली. तीत ‘उरी’ला राज्याच्या करातून सूट देण्याचा निर्णय झाला. त्यापुढील शनिवार-रविवारी झाशीतील प्रेक्षकासमोर शहराच्या राणीवरील चित्रपट आणि शासनाने सवलत दिलेला चित्रपट असे दोन पर्याय होते.

मात्र ‘करमुक्त’ या शब्दाचा अर्थ आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून चित्रपटाच्या तिकिटावरील करात केंद्र आणि राज्य यांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. राज्य केवळ आपला वाटा सोडू शकते. शंभर रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के कर आहे. मूळ दर २०० रुपये असेल तर कर ३६ रुपये आणि तिकीट २३६ रुपयांना पडते. राज्याने सूट दिल्यास १८ रुपये वाचतात. चार जणांच्या कुटुंबाची बचत ७२ रुपये होते. ही रक्कम नगण्य नाही, परंतु केवळ तेवढ्यासाठी चित्रपट बदलावा इतकी मोठीही नाही. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजेच एकपडदा चित्रपटगृहातील स्वस्त तिकीट काढणाऱ्याला मिळणारा हा दिलासा कोणत्याही एका चित्रपटापुरता मर्यादित नाही.

झाशीच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. हे शहर उत्तर प्रदेशात असले तरी मध्य प्रदेशाची हद्द अगदी जवळ आहे. ओरछा वीस किलोमीटरच्या आत आहे आणि दतियाही दूर नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये शिवजयंतीच्या दिवशी मध्य प्रदेश आणि गोवा या राज्यांनी ‘छावा’ला करसवलत जाहीर केली. झाशीतील तिकिटाचा दर मात्र भोपाळच्या निर्णयावर अवलंबून नसतो, तो लखनऊच्या निर्णयावर ठरतो. वर्तमानपत्रात ‘करमुक्त’ असे वाचल्यानंतर ते कोणत्या राज्यापुरते आहे, हे पाहणे सीमेवरील प्रेक्षकाला आवश्यक ठरते.

निवड कशी करावी?

या पार्श्वभूमीवर प्रेक्षकाच्या हाती काही उरते काय? उरते, आणि ते महत्त्वाचे आहे. चित्रपटाला दुसऱ्या आठवड्यात किती खेळ मिळणार, हे पहिल्या काही दिवसांच्या प्रतिसादावर ठरते. मोठा चित्रपट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही कोठे ना कोठे चालू असतो. लहान चित्रपटाला ही मुभा नसते. म्हणूनच दोन चित्रपट पाहण्याची इच्छा असल्यास लहान चित्रपट पहिल्या शनिवार-रविवारी पाहावा आणि मोठा नंतरच्या आठवड्यासाठी ठेवावा, हे व्यवहार्य धोरण ठरते. मोठ्या चित्रपटाबाबत तोपर्यंत परिचितांची मतेही कळतात आणि सोमवार ते गुरुवार या दिवसांत अनेक ठिकाणी तिकिटांचे दर उतरतात.

पहिल्या तीन दिवसांच्या उत्पन्नाचे आकडे हा निवडीचा निकष मानू नये. भारतात हे आकडे तपासून प्रसिद्ध करणारी कोणतीही अधिकृत यंत्रणा नाही. शिवाय गल्ला मोठा असणे हे अनेकदा पडदे अधिक मिळाल्याचेच निदर्शक असते. मुलांना सोबत नेताना प्रमाणपत्र अवश्य पाहावे. २०२३ च्या कायदेदुरुस्तीनंतर ‘यूए’ श्रेणीचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे करण्यात आले असून त्यांवरून चित्रपट मुलांच्या वयाला साजेसा आहे की नाही, याचा पालकांना अंदाज येतो.

प्रेक्षकांनी एकत्र येऊन केलेली निवड किती प्रभावी ठरते, हे केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने दाखवून दिले. ३० जून २०२३ रोजी आलेल्या या चित्रपटाला महिला गटागटाने गेल्या आणि दुसऱ्या आठवड्यातील उत्पन्न पहिल्यापेक्षा अधिक झाले. वितरकांनी आधी आखलेले गणित प्रेक्षकांनी बदलले. परदेशातील महाराष्ट्र मंडळे पुरेसे सभासद जमवून चित्रपटगृहात मराठी चित्रपटांचे खेळ आयोजित करतात. झाशी आणि ग्वाल्हेर परिसरातील मराठी मंडळींनाही हा मार्ग खुला आहे. एका खेळापुरती प्रेक्षकसंख्या आधीच निश्चित असेल, तर चित्रपटगृहाच्या चालकाला भाषेची अडचण वाटण्याचे कारण नाही.

पडदे कोणाला द्यावयाचे, हा निर्णय यापुढेही व्यवसायच घेणार. परंतु त्या निर्णयाचा आधार शेवटी विकली गेलेली तिकिटे हाच असतो. कोणता चित्रपट पाहावा, या प्रश्नाचे उत्तर देताना झाशीचा प्रेक्षक पुढील आठवड्यात आपल्या शहरात काय लागावे, याविषयीही मत नोंदवीत असतो. हे मत तो किती विचारपूर्वक नोंदवितो, यावर त्याच्या पुढील शनिवार-रविवारचे पर्याय अवलंबून राहतील.