यंत्र हाती आले, पण धडा?

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले व १९०६ मध्ये ती सक्ती साऱ्या बडोदे संस्थानास लागू केली. पण अक्षरओळख करून देऊन ते थांबले नाहीत. १९१० साली अमेरिकेहून बोर्डन यांना आणवून त्यांनी ग्रंथालयांची घडी बसविली. पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. वाचता येणे निराळे आणि काय वाचावे हे उमगणे निराळे, हे त्यांनी ओळखले होते.

२०२० च्या टाळेबंदीत आपली शाळाच मोबाईलवर आली. तिच्या मागोमाग खेळ, बाजार आणि अनोळखी माणसेही घरात शिरली. यंत्र मिळाले, ते वापरण्याचा धडा मात्र राहून गेला.

कायदे होत आहेत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. आपल्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक ठरविली असून त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. हे योग्यच, पण ज्या घरी आजोबांचा मोबाईल नातूच लावून देतो, तेथे संमती नेमकी कोणाची?

पासवर्ड व ओटीपी कोणास सांगू नये, हे शाळा शिकवितात. तेवढ्याने भागत नाही. खेळातला 'मित्र' फोटो मागतो आणि मग धमकावू लागतो. मूल दोघांना भिते: त्या लबाडाला आणि घरच्यांना. 'मोबाईल काढून घेतील, मार बसेल' ही भीती हेच त्या लबाडाचे भांडवल. आपल्या जुन्या घराण्यांत तर अब्रूच्या नावाखाली गोष्ट दडपण्याची सवय फार!

म्हणून शाळेने पहिला धडा हा द्यावा, की सांगणे हा गुन्हा नव्हे. पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत, ताबडतोब वडीलधाऱ्यांना सांगावे. मुलांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक प्रत्येक वर्गात लावावेत. ज्यांच्यापाशी मन मोकळे करता येईल असे एक शिक्षक नेमावेत. दुसऱ्याचा फोटो थट्टेसाठी पुढे पाठविणे हाही अपराधच, हे त्याच तासाला सांगावे. नागरिकत्व म्हणजे केवळ आपला बचाव नव्हे.

आणि घरच्यांनी? मूल काही सांगू लागले, की आधी ऐकून घ्यावे. रागवायचेच असेल, तर ते त्या लबाडावर.