भूजलाच्या मॉडेलमध्ये आमची हापशी कुठे आहे?

पाण्याला जात नसते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. खरे आहे. जात पाणवठ्याला असते. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंसह चालत जावे लागले. आज पाण्याचा झगडा जमिनीच्या पोटात गेला आहे आणि ठरावाच्या जागी संगणकातले 'भूजल मॉडेल' येत आहे. म्हणून ते कसे बांधतात, हे आम्ही समजून घेतलेच पाहिजे.

मॉडेल म्हणजे हिशेबाची वही. जमिनीत मुरले किती, उपसले किती, शिल्लक किती. अचलपूरला या वहीची चौकट निसर्गानेच आखून दिली आहे. उत्तरेला गाविलगडचा काळ्या दगडाचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचे थर, जिथे पावसाचे आणि नाल्यांचे पाणी मुरते. दक्षिणेला पूर्णेचा गाळ आणि खारपाणपट्टा. मधून वाहणाऱ्या सापन आणि बिच्छन. एवढे भूगर्भशास्त्रज्ञाला सांगावे लागत नाही.

पण पहिला दगड भूगर्भाचा नसतो, प्रश्नाचा असतो. 'संत्र्याच्या बगीच्यांना अजून किती बोअर झेपतील?' हा एक प्रश्न. 'मे महिन्यात वस्तीची हापशी चालेल का?' हा दुसरा. दोन प्रश्नांची दोन वेगळी मॉडेल होतात. प्रश्न कोण ठरवतो?

दुसरी गोष्ट चौकटींची. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला पाण्याची एकच पातळी देते. चौकोन एक किलोमीटरचा धरला, तर शंभर हेक्टरांत गाव, बगीचा आणि बौद्ध वस्ती एकाच आकड्यात बसतात. तीनशे फुटांचा बोअर आणि उथळ हापशी यांची सरासरी निघते. सरासरीत आमची तहान दिसत नाही. १९९३ चा महाराष्ट्र भूजल कायदा सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदू देत नव्हता. एक किलोमीटरच्या चौकोनाला हे ५०० मीटर दिसणार कसे? म्हणून पिण्याच्या पाण्याभोवती चौकोन बारीकच हवेत.

तिसरी गोष्ट उपशाची. शेतातल्या बोअरला मीटर नसतो. उपसा पिकाच्या क्षेत्रावरून आणि विजेच्या वापरावरून अंदाजाने धरतात. तो कमी धरला, तर मोजलेल्या पातळ्यांशी हिशेब जुळवताना संगणक मुरणारे पाणीच कमी करतो. वही जुळते, आणि दोष पावसाच्या माथी जातो. उपसणारा नामानिराळा राहतो.

काही जण म्हणतील, गणितात कशाला जात आणता? डार्सीने १८५६ मध्ये सांगितलेला पाणी झिरपण्याचा नियम सर्वांना सारखाच, हे आम्हाला मान्य आहे. पण कोणती विहीर मोजायची, चौकोन केवढा धरायचा, कोणाचा उपसा लिहायचा, हे डार्सी ठरवत नाही. माणसे ठरवतात. आणि ठरवणाऱ्यांच्या बैठकीला भूमिहीन नसतो, कारण त्याच्या नावावर विहीरच नसते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी साधारणपणे वर्षातून चारदा घेते. त्या जाळ्यात प्रत्येक वस्तीची विहीर घ्या आणि तिथे दर महिन्याला मोजणी करा. विहिरीच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदाच नीट मोजा. पुढे मोजपट्टीने खोली घेऊन तारखेसह लिहायला आमची शिकलेली पोरे पुरेशी आहेत. काही वर्षांच्या नोंदी बाजूला ठेवून मॉडेल त्यांवर तपासा आणि चूक किती निघाली ते ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा.

वस्तीतल्या कार्यकर्त्यांनो, कोणी मॉडेल घेऊन येईल याची वाट पाहू नका. येत्या पावसाळ्याआधीच वही आणि मोजपट्टी घ्या. महाडला हक्क ओंजळीने सिद्ध झाला. इथे तो नोंदीने सिद्ध करावा लागेल. ज्याची नोंद नाही, त्याचे पाणी नाही.

जय भीम!