कुत्र्यांसाठी गड चढतोय, पण पैसे कुत्र्यांना घाबरणाऱ्यांकडूनही हवेत

पोस्ट मोठी आहे, पण सातारकरांनी शेवटपर्यंत वाचावी. पैशांचा विषय आहे, तेव्हा सगळं आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

१ जानेवारीपासून तीस दिवस मी रोज अजिंक्यतारा चढणार आहे. पायी, खालून वर दरवाजापर्यंत. गाडी वर नेऊन चार पावलं टाकली तर तो दिवस धरायचा नाही. एका चढाईमागे दहा रुपये, म्हणजे तीस चढायांचे तीनशे, असं ओळखीच्या लोकांकडे मागतोय. जमलेली रक्कम भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीला आणि रेबीजच्या लसीला जाईल. दुसऱ्या कशालाही नाही.

आता "आला अजून एक प्राणीमित्र" म्हणत ज्यांचं बोट पुढे सरकायला लागलंय, पुढचं खास त्यांच्यासाठीच आहे.

पळून, चालून, सायकल मारून पैसे जमवणं आता आपल्याकडे नवीन राहिलं नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये कितीतरी जण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी धावतात. पण प्राण्यांसाठीची मोहीम बहुतेक वेळा प्राणी आवडणाऱ्यांच्याच ग्रुपमध्ये फिरत राहते. जखमी पिल्लाचा फोटो येतो, लोक हळहळतात, पैसे जमतात, पिल्लू बरं होतं. हे चांगलंच आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या पिल्लाच्या आईला त्याच गल्लीत पुन्हा पिल्लं होतात. त्यातली निम्मी गाडीखाली जातात, उरलेली मोठी होऊन दुचाकीमागे धावतात. मग रात्रपाळीहून येणारा माणूस काठी घेऊन फिरतो, खायला घालणाऱ्या काकूंना शिव्या बसतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर महाभारत सुरू होतं.

म्हणून माझं मत असं आहे: कुत्र्यांसाठी जमवलेला पैसा अशा कामाला लागावा, की ज्याला कुत्रा अजिबात आवडत नाही त्यालाही त्याचा फायदा व्हावा. असं काम म्हणजे नसबंदी आणि लस. फोटोत ते भारी दिसत नाही. कानाला खाच पाडलेल्या कुत्रीचा फोटो टाकला तर लाईक किती येणार? पण त्या खाचेचा अर्थ हा, की या कुत्रीला आता पिल्लं होणार नाहीत.

कुत्रीचं गाभणपण साधारण दोन महिन्यांचं. वर्षातून दोनदा व्यायली तरी नवल नाही. म्हणजे शहरभर विखरून वीस कुत्र्यांची नसबंदी केली तर पुढच्या वर्षी फरक शोधूनही सापडणार नाही. तीच वीस एका वस्तीत केली, आणि त्या वस्तीतली जवळजवळ सगळी कुत्री त्यात आली, तर पुढच्या वर्षी तिथे पिल्लं दिसणार नाहीत. लसीचंही तसंच. एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत केसेस कुत्र्यामुळे असतात आणि लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लहान पोरांना धोका जास्त, कारण ती कुत्र्याजवळ जातात आणि चावल्याचं भीतीने घरी सांगत नाहीत.

हे होऊ शकतं याचं उदाहरण शेजारीच आहे. गोव्यात सरकार आणि संस्थांनी मिळून वर्षानुवर्षं गल्लोगल्ली, घरोघरी फिरून कुत्र्यांना लस टोचली. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. तिथेही कुत्री आहेतच. पण न थांबता काम केलं तर काय होतं ते तिथे दिसलं.

आता नेहमीचे तीन प्रश्न.

पहिला: हे काम पालिकेचं, तुम्ही कशाला पैसे गोळा करता? बरोबर आहे, काम स्थानिक स्वराज्य संस्थांचंच आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तसं लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, की नसबंदी आणि लस झालेली कुत्री जिथून उचलली त्याच भागात सोडायची, रेबीजची लागण किंवा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडून. खायला घालायचं तेही ठरवून दिलेल्या जागीच. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री हलवायचा आणि परत तिथे न सोडायचा आदेश झाला. आदेश आले, पण ते पार पाडायला पिंजरे, गाडी, डॉक्टर आणि ऑपरेशननंतर ठेवायला जागा लागते. आपला पैसा पालिकेच्या बजेटची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. तो एका वस्तीत काम पूर्ण करून दाखवू शकतो. ते आकडे घेऊन नगरसेवकाकडे गेलं, की "हे शक्य नाही" असं म्हणायला जागा राहत नाही.

दुसरा: माणसं उपाशी आहेत आणि तुम्हाला कुत्र्यांचं पडलंय? चावा कोणाला बसतो ते बघा. पहाटे पेपर टाकणारा पोरगा, झाडू मारणारी ताई, शाळेत चालत जाणारी मुलं. चारचाकीतून फिरणाऱ्याला कुत्रं चावत नाही. हा खर्च माणसांवरचाच आहे.

तिसरा: मग थेट पैसे द्या, गड कशाला चढायचा? खरं सांगायचं तर नुसतं "पैसे द्या" म्हटलं की लोक मेसेज वाचून सोडून देतात. मागणारा रोज पहाटे उठून थंडीत काहीतरी करतोय म्हटल्यावर तेच लोक विचारतात, "काय हो, आज झाला का गड?" त्या प्रश्नातून विषय निघतो, महिनाभर चालू राहतो. शिवाय तब्येतीचं भलं होतं ते वेगळं. गडाला प्रवेश फी नाही, टी-शर्ट नाही, मेडल नाही. त्यामुळे जमलेल्यातला रुपयाही कार्यक्रमावर जाणार नाही.

आता हिशोब. पकडणं, ऑपरेशन, औषधं, लस आणि नंतरचे चार-पाच दिवस सांभाळणं धरून एका कुत्र्यामागे दोन हजारांचा अंदाज मी धरलाय. म्हणजे सात जणांनी तीनशे दिले की एक कुत्रं झालं. दीडशे जण आले तर एक छोटी वस्ती पूर्ण होते.

पैसे माझ्या खात्यावर घेणार नाही. हे काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनेच करायचं असतं. कुणीही उठून कुत्री पकडून ऑपरेशन करायला न्यायची नसतात. मेसेज केलात तर संस्थेचा खाते क्रमांक आणि मान्यतेचा कागद पाठवतो, पावती संस्थाच देईल. आयकरात ८०जी ची सवलत हवी असेल तर संस्थेकडे ती नोंदणी आहे का ते आधी विचारा. दोन हजारांवर रोख दिली तर सवलत नाही, आणि नवीन करपद्धतीत ती मिळतच नाही. दर रविवारी इथेच हिशोब टाकेन: किती जमले, किती कुत्री झाली, कुठल्या वस्तीत.

एक विनंती. सोबत यायचं असेल तर जरूर या, पण फोटोसाठी घरचं कुत्रं ओढत आणू नका. सवय नसलेल्या, म्हाताऱ्या किंवा जाड कुत्र्याला हा चढ झेपत नाही. प्राण्यांसाठीच्या कामात प्राण्यालाच धाप लागली तर काय उपयोग?

ज्यांना कुत्री आवडतात ते पैसे देतीलच. मला वाट बघायचीय ती दुसऱ्या बाजूची. कमेंटमध्ये तुमच्या गल्लीचं नाव आणि तिथे अंदाजे किती कुत्री आहेत तेवढं लिहा. तक्रार असेल तर तीही लिहा, शिव्या सोडून. पहिली वस्ती त्यातूनच ठरवू: जिथे त्रास जास्त आणि सोबत उभं राहायला चार माणसं तयार, तिथून सुरुवात.