समितीत कारागीर का नाही?

२००७-०८पासून देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयंच्या सुधारणेसाठी प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज आणि एक व्यवस्थापन समिती, अशी योजना राबवली गेली. अध्यक्ष भागीदार उद्योगाचा, स्थानिक उद्योगांतले चार सदस्य त्यानेच सुचवायचे, पाच सरकारने नेमायचे, प्राचार्य सचिव. सरकारी पाचांत विद्यार्थ्यालाही जागा आहे. तोच ट्रेड शिकून वर्षानुवर्षं मशीनवर उभ्या असलेल्या कामगारासाठी मात्र खुर्ची नाही. अमेरिकेच्या २०१४च्या कायद्याने स्थानिक मनुष्यबळ मंडळांत बहुमत उद्योजकांनाच दिलं, पण किमान २० टक्के जागा कामगारांच्या बाजूला राखल्या.

नोकरी मालक देतो, मग त्यालाच विचारा, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. यंदा किती वेल्डर लागतील, हे तोच सांगेल. पण लेथवरून सीएनसीवर जाताना हात कुठे अडला, ड्रॉइंग वाचताना की टूल ऑफसेट देताना, हे कामगारालाच ठाऊक. तो आला की पगाराचा वाद समितीत शिरेल, ही भीतीही उगाचच. वेतन ठरवणं तिचं कामच नव्हे. उद्योगाच्या चारपैकी एक जागा त्याला द्यावी आणि बैठक पाळी सुटल्यावर ठेवावी. खाडा करून कोण येणार?