टायरच्या खुणांची साक्ष
मोटार अपघातात कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबाची भरपाई ठरविताना न्यायाधिकरण काटेकोर गणित मांडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालानुसार मृताचे वय ३० असेल, तर त्याच्यापासून कुटुंबाला होणारी वार्षिक प्राप्ती १७ ने गुणली जाते. परंतु मृताचाही दोष आढळला, तर त्या प्रमाणात रक्कम घटते. आणि दोष ठरविताना वाहनाचा वेग निर्णायक होऊ शकतो.

हा वेग तज्ज्ञ रस्त्यावरील टायरच्या खुणांवरून काढतात. चाके जखडून २० मीटर घसरत थांबलेल्या मोटारीचा वेग कोरड्या डांबरावर ताशी सुमारे ६० किलोमीटर निघतो. ओल्या रस्त्यावर तीच खूण सुमारे ४५ सांगते. पंचनाम्यात ‘ब्रेकच्या खुणा दिसल्या’ एवढेच नोंदले असेल, तर तज्ज्ञ तरी काय करणार? खटला उभा राहीपर्यंत त्या खुणा केव्हाच पुसल्या गेलेल्या असतात.

म्हणून खुणांची लांबी आणि रस्त्याची स्थिती नोंदल्याखेरीज पंचनामा पुरा समजू नये. मोजपट्टीला खर्च तो कितीसा? ती न वापरल्याची किंमत मात्र पोरक्या कुटुंबांना मोजावी लागते.