गोळीची मुदत

शेजारच्या माई परवा सकाळी औषधांची पिशवी घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसल्या, तेव्हा त्यांचा फुगून वाटोळा झालेला चेहरा पाहून क्षणभर मला ओळखच पटेना. पिशवीत सात महिन्यांच्या चिठ्ठ्या होत्या आणि पहिली वगळता प्रत्येकीवर एकच शेरा होता : ‘गोळ्या पूर्ववत्.’

गोळ्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या, आणि आजार ‘आयटीपी’; ज्या संरक्षक यंत्रणेने परकीय जंतूंचा बंदोबस्त करावयाचा, तीच यात रक्तातील प्लेटलेटांना शत्रू ठरवून प्लीहेच्या हवाली करू लागते. या व्याधीचे कारण रुग्णाच्या रक्तातच वाहत असते, हे १९५० साली सेंट लुईस येथील विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टराने एका रुग्णाचे सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेत घेऊन दाखवून दिले. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट धोक्याच्या पातळीपर्यंत उतरल्या आणि सावरावयास काही दिवस लागले.

स्टेरॉइड स्वस्त आहे, तत्पर आहे आणि प्रारंभी तेच द्यावयास हवे, हे मला मान्य आहे. परंतु प्रौढांमध्ये ही व्याधी बहुधा रेंगाळते, मात्रा कमी करताच आकडा पुन्हा घसरतो, आणि मग गोळीला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत जाऊन रक्तातली साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, झोप उडते. म्हणूनच अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली, मात्रा उतरविण्याचा काळ धरूनही, ही मुदत सहा आठवड्यांपलीकडे जाऊ न देण्याची शिफारस केली. आणि प्लेटलेट ३० हजारांच्या वर असून रक्तस्राव नसेल वा किरकोळ असेल, तर सामान्यतः औषधाऐवजी देखरेखच श्रेयस्कर मानली. रक्तस्राव टळावा, एवढ्यासाठीच हा सारा उपचार. प्लेटलेटांचा दीड लाखांचा सामान्य आकडा गाठण्यासाठी माणसाची हाडे खर्ची घालणे मला अन्यायाचे वाटते.

पुढचे मार्ग आहेत : प्लीहा काढून टाकण्याची १९१६ पासूनची शस्त्रक्रिया, रिटुक्सिमॅब हे औषध, आणि अस्थिमज्जेला अधिक प्लेटलेट निर्माण करावयास लावणारी, अमेरिकेत २००८ साली मान्यता पावलेली दोन औषधे, दर आठवड्याचे रोमिप्लोस्टिमचे इंजेक्शन आणि एल्ट्रोम्बोपॅगची रोजची गोळी. ही गोळी दुधातल्या कॅल्शियमशी बांधली जाऊन निष्प्रभ होते, सबब ती दूधदुभत्याच्या दोन तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यावी लागते. आमच्या घरांतून तर सकाळची पहिली गोळी दुधाच्या चहाबरोबरच पोटात जाते, आणि औषध लागू पडले नाही असा बोभाटा मागाहून होतो.

माईंना मी कळकळीने सांगितले, “गोळी आपल्या मनाने एकदम तोडू नका, इतक्या महिन्यांत शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवावयाचे विसरलेले असते. पण मुदत मात्र विचारा.” त्यांनी शेवटच्या चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीने, सावकाश, दोनच शब्द लिहिले : ‘कधीपर्यंत, डॉक्टर?’