सत्यवानाचा प्रश्न

वटसावित्रीच्या व्रतामुळे सत्यवान घरोघरी ठाऊक आहे. परंतु शांतिपर्वातील सत्यवान फारसा कोणी वाचीत नाही. तेथे द्युमत्सेन राजाच्या आज्ञेने काही अपराधी वधासाठी नेले जात असता पुत्र पित्यास अडवितो. एका दस्यूस मारिले तर त्याची निरपराध माता, भार्या व मुले हीही मारिली जातात, असे त्याचे म्हणणे. राजाचे उत्तरही कच्चे नाही: दुष्टांस मोकळे सोडिले तर प्रजेची घडी कशी राहावी?

वर्गात शिकविताना आम्ही नेहमी राजाच्या पक्षाचे असू. जुलै २०१६ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील कोपर्डीस, एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांस फाशीची शिक्षा सुनाविली, तेव्हा 'योग्य झाले' असे आम्हीही माजघरात म्हणालो. त्या संतापाची आम्हांस आजही लाज वाटत नाही. पण संताप खरा असला म्हणजे निवाडा अचूक असतोच, असे नाही.

शेजारच्या नाशिकचे प्रकरण पाहावे. २००३ मधील दरोडा व खुनांबद्दल भटक्या जमातींतील सहा जण पकडले गेले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांस फाशीच दिली. पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष सोडिले! वाचलेल्या जखमी स्त्रीने पोलिसांजवळील छायाचित्रांतून दुसरीच माणसे ओळखिली होती. तिकडे दुर्लक्ष झाले होते. सोळा वर्षे गेली. प्रत्येकास पाच लक्ष रुपये देण्याचा हुकूम झाला.

विधि आयोगाने २०१५ मध्येच, दहशतवादाचे गुन्हे वगळून, फाशी रद्द करण्याची शिफारस केली होती. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता अमलात आली, तीतही फाशी कायम राहिली. जमावाने केलेल्या खुनासही ती नव्याने लाविली. राष्ट्रपतींच्या दयेने एखादा जीव वाचेल, कायदा बदलणार नाही. म्हणून केंद्रीय गृहमंत्रिमहाशयांस आमची विनंती आहे, की त्यांनी फाशी रद्द करणारे विधेयक संसदेपुढे आणावे. घोर अपराध्यांस सोडा, असे आम्ही म्हणत नाही. मरेपर्यंत तुरुंगात ठेवावे. मात्र २००९ नंतर त्या सहांस दोर लागला असता, तर ते पाच लक्ष रुपये कोणाच्या हाती ठेवावयाचे होते, एवढे त्यांनी आम्हांस सांगावे.